हौशी, व्यावसायिक आणि मधली कोरी पानं: गोन्झालेस आणि रोझवॉल

आज दोन टेनिसपटूंबद्दल बोलायचं आहे आणि सुरुवात मी आकड्यांनीच करतो, कारण सगळा घोळ आकड्यांतच आहे.

रिचर्ड गोन्झालेस, ज्याला जग पांचो गोन्झालेस म्हणतं, अमेरिकेचा. एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदं दोन, १९४८ आणि १९४९ ची अमेरिकन स्पर्धा. केन रोझवॉल, ऑस्ट्रेलियाचा. विजेतेपदं आठ, पहिलं १९५३ साली, शेवटचं १९७२ साली. नुसती यादी समोर ठेवली तर कुणीही म्हणेल की एक बरा होता, दुसरा थोर होता. पण यादी जरा हळू वाचा. गोन्झालेसच्या नावापुढे १९४९ नंतर एकदम पाटी कोरी. रोझवॉलच्या नावापुढे १९५६ आहे आणि त्यानंतर थेट १९६८. मधली अकरा वर्षं गायब. हा माणूस त्या काळात आजारी नव्हता, युद्धावर गेला नव्हता, तुरुंगात तर नव्हताच. तो रोज टेनिस खेळत होता. तेव्हाच्या जगातलं सर्वांत चांगलं टेनिस खेळत होता. गोन्झालेसही तेच करत होता. मी हिशेब केला. गोन्झालेसला सलग ७३ ग्रँड स्लॅम स्पर्धांचं दार बंद होतं, रोझवॉलला ४५.

या दोघांच्या कारकिर्दीत समान काय, असं विचारलं तर माझं उत्तर आहे, ही कोरी पानं. खेळाच्या बाबतीत दोघांत काहीच साम्य नाही. एक सव्वासहा फुटांच्या आसपासचा, सर्व्ह तोफेसारखी, रागीट, पंचांशी भांडणारा. दुसरा जेमतेम पाच फूट सात इंच, सर्व्ह अगदीच साधी, पण स्लाइस केलेला बॅकहँड असा की चेंडू जिथे म्हणाल तिथे. त्याला मित्र ‘मसल्स’ म्हणायचे. म्हणजे अंगात स्नायू नाहीत म्हणून ‘मसल्स’. (हशा) आपल्याकडे एखाद्या किडकिडीत मुलाला ‘पैलवान’ म्हणतात ना, तसंच.

आता ही पानं कोरी का राहिली? त्यासाठी दोन शब्द समजून घ्यावे लागतील, हौशी आणि व्यावसायिक. मराठी माणसाला हे शब्द नाटकामुळे ओळखीचे आहेत. हौशी रंगभूमी आणि व्यावसायिक रंगभूमी. पण आपल्याकडे हौशी नट व्यावसायिक झाला की लोक म्हणतात, बरं झालं, पोरानं नाव काढलं. टेनिसमध्ये उलटं होतं. हौशी म्हणजे सोवळ्यातला, व्यावसायिक म्हणजे बाटलेला. खेळाचे उघड पैसे घेतले की विम्बल्डन बंद, पॅरिस बंद, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन स्पर्धा बंद, डेव्हिस कप बंद. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ आणि त्याच्याशी संलग्न राष्ट्रीय संघटना यांच्या हातात सगळी नामांकित मैदानं होती.

याची मुळं इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत आहेत. क्रिकेटमध्ये ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ हा सामना होत असे, तो याच भेदावर उभा होता. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची, व्यावसायिकाची नंतर. ड्रेसिंग रूम वेगळ्या. हा भेद इंग्लिश क्रिकेटनं १९६२ च्या अखेरीस मोडीत काढला. या व्यवस्थेशी आपलाही एक संबंध आलेला आहे. १९५२ साली विनू मांकड लँकेशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू होते. भारतीय संघात जागा नक्की मिळेल अशी हमी नव्हती, म्हणून त्यांनी तो करार घेतला. पुढे संघाची दैना झाल्यावर क्लबकडून त्यांना मागून आणावं लागलं आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, शिवाय डावात पाच बळी. म्हणजे व्यावसायिक माणसाला निदान मागून तरी आणता येत होतं! टेनिसमध्ये तीही सोय नव्हती. एकदा बाहेर गेलात की गेलात.

आणि यातली खरी मेख अशी, की हौशी खेळाडू फुकट खेळत होते असं नाही. ‘प्रवासखर्च’ या नावाखाली पाकिटं मिळायची. ऑस्ट्रेलियात तर चांगल्या मुलांना खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपन्या नोकरीवर ठेवायच्या. नोकरी कागदावर, खेळ मैदानावर. सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलायचं नाही. गुन्हा पैसे घेण्याचा नव्हता, उघडपणे घेण्याचा होता.

आता उघडपणे पैसे घेण्याची गरज कुणाला पडते? ज्याच्या घरी नाहीत त्याला. गोन्झालेसचा जन्म १९२८ चा, लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबात. रॅकेट आईनं दिली ती अगदी स्वस्तातली. कोच नाही, क्लब नाही, सार्वजनिक बागेतल्या कोर्टांवर दुसऱ्यांचं बघून शिकला. शाळा बुडवायचा, म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेनिसच्या कारभाऱ्यांनी त्याला मुलांच्या स्पर्धांतून बंदी घातली. म्हणजे बंदीशी त्याची ओळख लहानपणापासूनची. पुढे नौदलात गेला, परत आला आणि विसाव्या वर्षी थेट अमेरिकन विजेता. ‘पांचो’ हेही त्याचं नाव नव्हे. मेक्सिकन माणसाला अमेरिकेत सरसकट चिकटवलं जाणारं ते लेबल होतं. नंतर तेच पोस्टरवर गेलं, कारण तिकिटं त्यावर खपत होती.

रोझवॉल १९३४ चा, सिडनीचा. वडिलांचं किराणा दुकान. खरं तर हा मुलगा डावखुरा. वडिलांनी त्याला उजव्या हातानं खेळायला शिकवलं. मला नेहमी वाटतं की त्या अप्रतिम बॅकहँडचं आणि त्या साध्या सर्व्हचंही रहस्य यातच असावं, पण तो माझा तर्क आहे, त्याला आधार म्हणू नका. त्याच्याच वयाचा, फक्त तीन आठवड्यांनी लहान, लू होड हा त्याचा जोडीदार. दोघं पोरवयातच ऑस्ट्रेलियाचे हिरो झाले. रोझवॉलनं अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच स्पर्धा जिंकल्या. १९५६ मध्ये होडनं चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या होत्या, चौथीच्या अंतिम फेरीत समोर रोझवॉल. रोझवॉलनं त्याला हरवलं. मित्राचं ग्रँड स्लॅम मोडलं आणि काही महिन्यांतच स्वतः व्यावसायिक झाला.

म्हणजे एक मजुरी करणाऱ्या वस्तीतला, एक दुकानदाराचा. दोघांपैकी कुणीही जमीनदाराचा मुलगा नव्हता. ‘खेळाच्या निखळ आनंदासाठी खेळा’ हे सांगणं सोपं असतं, महिनाअखेर भाडं भरायचं नसलं की.

आता व्यावसायिक टेनिस म्हणजे काय होतं ते बघू, कारण आज डोळ्यांसमोर कोट्यवधींची बक्षिसं येतात. तेव्हा ती एक फिरती नाटक कंपनी होती. खरंच, तुलना चपखल आहे. मोटारीत कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून टाकायचं, संध्याकाळी एखाद्या गावातल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये किंवा बर्फाच्या रिंकवर ते अंथरायचं, सामना खेळायचा, रात्री पुढच्या गावाला. आज इथे, उद्या तिथे, महिनोन्‌महिने. प्रवर्तक जॅक क्रेमर. आधी स्वतः खेळाडू, विम्बल्डन विजेता, आणि मग कंपनीचा मालक.

या धंद्याचं गणित असं होतं. लोकांना वर्तमानपत्रात वाचलेलं नाव बघायचं असे. वर्तमानपत्रात नाव कुणाचं? विम्बल्डन जिंकणाऱ्याचं, म्हणजे हौशी खेळाडूचं. म्हणून दरवर्षी ताजा हौशी विजेता विकत घ्यायचा आणि व्यावसायिकांच्या राजासमोर उभा करायचा. शंभरेक सामन्यांची मालिका. हरला की त्याचा भाव संपला, पुढच्या वर्षी नवा आणायचा.

एकवीस वर्षांचा गोन्झालेस १९४९ च्या शरद ऋतूत याच गिरणीत शिरला. समोर क्रेमर. निकाल ९६–२७. आता तुम्हीच सांगा, ९६–२७ नं हरलेल्या माणसाचं तिकीट कोण काढणार? गोन्झालेस एकविसाव्या-बाविसाव्या वर्षीच ‘माजी’ झाला. हौशी स्पर्धांत परत जाता येईना, कारण बाटला. व्यावसायिक दौऱ्यात कुणी घेईना, कारण हरला. पुढची काही वर्षं त्याची मुख्य मिळकत लॉस एंजेलिसमधल्या टेनिसच्या एका छोट्या दुकानाची. अधूनमधून स्पर्धा मिळाल्या त्या खेळला, लंडनमध्ये वेम्बलीची इनडोअर स्पर्धा १९५० पासून लागोपाठ तीन वर्षं जिंकला, पण त्याची बातमी होत नव्हती. मला त्याच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत बोचरा वाटतो. तेवीस, चोवीस, पंचवीस, ही टेनिसपटूची ऐन भराची वर्षं.

१९५४ पासून चित्र बदललं. क्रेमर खेळातून बाजूला झाला आणि गोन्झालेस राजा झाला. टोनी ट्रॅबर्टनं १९५५ मध्ये हौशी जगातल्या चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या, तो मोठ्या दिमाखात व्यावसायिक झाला. गोन्झालेसनं त्याला ७४–२७ नं हरवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. पण त्या दौऱ्यात पैसे कुणाला जास्त? ट्रॅबर्टला. विजेत्या गोन्झालेसला साधारण १५ हजार डॉलर, ट्रॅबर्टला त्याच्या कित्येक पट. नाव ताजं त्याचं ना! गोन्झालेसनं क्रेमरशी सात वर्षांचा करार करून ठेवला होता. तो त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि हरला. त्यानंतर या माणसाचा स्वभाव कडवट झाला असं सगळे लिहितात. मी म्हणेन, न होता तर आश्चर्य.

१९५७ मध्ये हे दोघं एकमेकांसमोर आले. राजा गोन्झालेस, ताजा माल रोझवॉल. निकाल ५०–२६. रोझवॉल हरला, पण क्रेमरकडून गोन्झालेस हरला होता तसा चिरडला गेला नाही. आणि इथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक ठेच लागते. क्रेमरनं पुढे आपल्या आठवणींत लिहिलं की, या मालिकेतली चुरस टिकावी म्हणून त्यानं गोन्झालेसला सुचवलं होतं, पोराला जरा सांभाळून घे, जादा पैसे देतो. गोन्झालेसनं काही सामने तसं करून बघितलं आणि मग सांगितलं, असं खेळायला लागलो की माझाच खेळ बिघडतो, मला नको. आता ५०–२६ या आकड्याचं काय करायचं? त्यातले किती सामने खरे, किती ‘सांभाळून’ घेतलेले? पूर्ण विश्वास टाकता येत नाही आणि फेकूनही देता येत नाही.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. व्यावसायिकांवर अन्याय झाला म्हणताना त्यांच्या बाजूची सगळी कागदपत्रं सोवळी समजण्याची चूक अनेक जण करतात. तो सर्कशीसारखाही धंदा होता. गोन्झालेसची सर्व्ह फारच भारी पडते म्हणून क्रेमरनं नियमसुद्धा बदलून बघितले. सर्व्ह केल्यावर लगेच नेटवर धावून व्हॉली मारायची नाही, चेंडूला आधी टप्पा घेऊ द्यायचा. तरी गोन्झालेस जिंकतच राहिला.

पण मग व्यावसायिक खरंच चांगले होते की नुसतेच आपापसात खेळत होते? याचा पुरावा आहे आणि तो दर वेळी एकाच बाजूनं झुकतो. ट्रॅबर्टचं सांगितलं. त्याहून मोठा पुरावा रॉड लेव्हरचा. १९६२ साली लेव्हरनं चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. हौशी जगात त्याच्या तोडीचं कुणी उरलं नव्हतं. जानेवारी १९६३ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्याच दौऱ्यात रोझवॉलनं त्याला ११–२ नं आणि होडनं ८–० नं हरवलं. जगज्जेता म्हणून गेलेला माणूस २१ पैकी १९ सामने हरतो! याचा अर्थ सरळ आहे. १९६२ मध्ये ज्याच्या हातात चारही करंडक होते तो जगात पहिला नव्हता. पहिला रोझवॉल होता आणि त्याला त्या चारही मैदानांच्या फाटकातून खेळाडू म्हणून आत सोडत नव्हते.

मग हौशी स्पर्धा कोण जिंकत होतं? रॉय इमर्सन. गुणी खेळाडू, कमालीचा तंदुरुस्त, त्याला कमी लेखायचं कारण नाही. त्याची बारा ग्रँड स्लॅम विजेतेपदं आणि हा विक्रम थेट २००० साली पीट सँप्रसनं मोडला. पण बारापैकी दहा १९६३ ते १९६७ मधली आहेत, म्हणजे लेव्हर गेल्यानंतरची. तेहेतीस वर्षं टेनिसची पुस्तकं ज्या आकड्याला शिखर मानत होती, तो आकडा रिकाम्या केलेल्या मैदानावर उभा होता. इमर्सननं काही चोरलं नाही. मैदान त्यानं रिकामं केलं नव्हतं.

हे सगळं कळत असूनही बदल झाला नाही. १९६० साली आंतरराष्ट्रीय महासंघापुढे ठराव आला की काही स्पर्धा सर्वांसाठी खुल्या कराव्यात. दोन तृतीयांश मतं हवी होती. पाच मतं कमी पडली. पाच मतं! तेव्हा रोझवॉल पंचवीस वर्षांचा होता, गोन्झालेस बत्तीसचा. पुढची आठ वर्षं या पाच मतांनी खाल्ली. इतिहासात मोठमोठ्या कारणांबद्दल बोलायची आपल्याला सवय असते, वर्ग, साम्राज्य, अर्थकारण, आणि ती कारणं खरीच असतात. पण कधी कधी एखाद्या हॉलमध्ये वर न झालेले पाच हातही पुरेसे असतात.

शेवटी कोंडी फुटली ती टेलिव्हिजनमुळे आणि, गंमत म्हणजे, विम्बल्डनमुळेच. ऑगस्ट १९६७ मध्ये विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर आठ व्यावसायिकांची स्पर्धा झाली, बीबीसीच्या पैशानं. गोन्झालेस होता, रोझवॉल होता, अंतिम फेरीत लेव्हरनं रोझवॉलला हरवलं. लोकांनी गर्दी केली. विम्बल्डनच्या कारभाऱ्यांना दिसलं की आपल्या जूनमधल्या स्पर्धेपेक्षा हे टेनिस वरचं आहे. डिसेंबरात ब्रिटिश संघटनेनं हौशी-व्यावसायिक भेद रद्द केला, मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं नाइलाजानं मान तुकवली.

आणि २२ एप्रिल १९६८ ला इंग्लंडमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा सुरू झाली. तिथे काय व्हावं? गोन्झालेस, चाळिशीला आठवडे उरलेला, मार्क कॉक्स नावाच्या ब्रिटिश हौशी खेळाडूकडून पाच सेटमध्ये हरला. खुल्या स्पर्धेत हौशी खेळाडूकडून हरलेला पहिला व्यावसायिक म्हणून त्याचं नाव लागलं. आयुष्यभर ज्या दाराची वाट पाहिली, ते उघडलं आणि उंबऱ्यातच ठेच! आणि स्पर्धा जिंकली कुणी? रोझवॉलनं. अंतिम फेरीत लेव्हरला हरवून, बक्षीस हजार पौंड. महिन्याभरानं पॅरिस. ते १९६८ चं पॅरिस, संप, मोर्चे, गाड्या बंद. तिथली पहिली खुली ग्रँड स्लॅम स्पर्धाही रोझवॉलनंच जिंकली. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मैदानावर तो पोरगेला विजेता होता, तिथेच तेहेतिसाव्या वर्षी पुन्हा. गोन्झालेस? चाळीस पूर्ण झालेल्या गोन्झालेसनं उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या इमर्सनला पाच सेटमध्ये हरवलं. मग लेव्हरनं त्याला थांबवलं.

इथे दोघांचे रस्ते वेगळे होतात. बंदी तीच, अन्याय तोच, पण वयात साडेसहा वर्षांचं अंतर. दार उघडलं तेव्हा रोझवॉल तेहेतीस आणि गोन्झालेस चाळीस. त्या साडेसहा वर्षांमुळे एकाच्या नावावर आणखी चार ग्रँड स्लॅम चढल्या, दुसऱ्याच्या नावावर एकही नाही. रोझवॉलनं १९७० ची अमेरिकन स्पर्धा, १९७१ आणि १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकल्या. शेवटची जिंकली तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि खुल्या युगात इतक्या वयात ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारा दुसरा पुरुष नाही.

गोन्झालेसला करंडक मिळाला नाही, त्याला एक सामना मिळाला. विम्बल्डन, जून १९६९, पहिली फेरी. समोर चार्ली पासारेल, पंचवीस वर्षांचा, आणि गोन्झालेसचाच एके काळचा चेला. तेव्हा टायब्रेकर नव्हता. पहिला सेट २२–२४. अंधारून आलं, गोन्झालेस थांबवा म्हणाला, पंचांनी ऐकलं नाही, दुसरा सेट त्यानं वैतागून १–६ असा टाकल्यासारखा घालवला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. १६–१४. ६–३. पाचव्या सेटमध्ये पायांत जोर नव्हता, रॅकेटचा आधार घेऊन उभा राहत होता, सात मॅच पॉइंट वाचवले आणि ११–९. एकूण ११२ गेम, पाच तास बारा मिनिटं. आदल्या संध्याकाळी ज्यांनी हुर्यो केली त्याच विम्बल्डननं उभं राहून टाळ्या वाजवल्या. वय एकेचाळीस. पुढच्या जानेवारीत, नुकतंच पुन्हा ग्रँड स्लॅम पूर्ण केलेल्या लेव्हरला त्यानं न्यूयॉर्कमध्ये दहा हजार डॉलरच्या सामन्यात पाच सेटमध्ये हरवलं. जिंकेल त्याला सगळे पैसे, हरेल त्याला काही नाही, असा तो सामना होता.

रोझवॉललाही एक जखम राहिलीच. विम्बल्डन त्याला कधीच मिळालं नाही. चार अंतिम फेऱ्या, १९५४, १९५६, १९७० आणि १९७४. चारही हरला. पहिल्या आणि शेवटच्या फेरीत वीस वर्षांचं अंतर. १९७४ मध्ये समोर जिमी कॉनर्स होता, जो १९५४ च्या फेरीच्या वेळी दोन वर्षांचाही नव्हता. कॉनर्सनं एकोणचाळीस वर्षांच्या रोझवॉलला तीन सेटमध्ये अक्षरशः झोडपलं, आणि दोन महिन्यांनी अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याहून वाईट. लोक ते निकाल बघून हळहळतात. मी उलटं बघतो. एकोणचाळिसाव्या वर्षी तो एकाच मोसमात दोन ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत कसा पोहोचला, हे आधी विचारा.

मग आता मोजायचं कसं? काही जण एक सोपा उपाय सुचवतात. व्यावसायिकांच्याही तीन मोठ्या स्पर्धा होत्या, वेम्बली, फ्रेंच प्रो, यूएस प्रो. रोझवॉलनं त्या पंधरा वेळा जिंकल्या, गोन्झालेसनं बारा वेळा. त्या मिळवा. रोझवॉल आठ अधिक पंधरा, तेवीस. गोन्झालेस दोन अधिक बारा, चौदा. हिशेब मिटला. मला हे पटत नाही. वेम्बलीला आठ-बारा खेळाडू असायचे, विम्बल्डनला १२८. एकीकडे खेळाडू थोडे पण अव्वल, दुसरीकडे पुष्कळ पण अव्वल गायब. दोन्ही अर्धी चित्रं आहेत आणि दोन अर्ध्यांची बेरीज इथे एक होत नाही.

दुसरे लोक म्हणतात, बंदी नसती तर रोझवॉलच्या अमुक आणि गोन्झालेसच्या तमुक ग्रँड स्लॅम झाल्या असत्या. यातही एक गोष्ट विसरली जाते. बंदी नसती तर ते दोघं एकमेकांच्या आड आले असते. रोझवॉलची १९५७ नंतरची विम्बल्डनं मोजताना पलीकडे गोन्झालेस उभा करावा लागेल, होड उभा करावा लागेल, पुढे लेव्हर. मी स्वतः एवढंच म्हणेन की १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगात पहिला गोन्झालेस होता आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रोझवॉल. याला पुरावा आहे. त्यापुढे आकडा घालणं म्हणजे कोऱ्या पानावर आपण लिहिणं.

वेळ संपत आली आहे, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो. विचारलंय, आपल्या रामनाथन कृष्णन यांनी व्यावसायिक व्हायला नकार दिला, तो बरोबर होता का? कृष्णन १९६० आणि १९६१ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले. क्रेमरनं त्यांना बोलावलं होतं हे खरं आहे आणि ते गेले नाहीत. गेले असते तर डेव्हिस कप संपला असता आणि १९६६ मध्ये भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोहोचला त्यात ते नसते. ज्यानं नकार दिला त्याला देश मिळाला, ज्यांनी होकार दिला त्यांना पोट. रोझवॉलनंही ऑस्ट्रेलियाला तीन वेळा डेव्हिस कप जिंकून दिला होता आणि बाविसाव्या वर्षी ते दार त्याच्यासाठी लागलं. कृष्णन बरोबर आणि रोझवॉल चूक, किंवा उलट, असं मी म्हणणार नाही. अशी निवड कुणालाही करायला लागू नये हे मात्र १९६८ पूर्वीही दिसत होतं, फक्त पाच मतं कमी होती.

आणि दुसरी चिठ्ठी, इतकी वर्षं ते खेळू कसे शकले? रोज रात्री नव्या गावात, कडक फळ्यांवर अंथरलेल्या कॅनव्हासवर, जगातल्या पहिल्या पाचांपैकीच कुणाशी तरी खेळायचं, हे वर्षानुवर्षं केलं की एक तर माणूस मोडतो किंवा मोडतच नाही. होड पाठीच्या दुखण्यानं मोडला. हे दोघं मोडले नाहीत. फेब्रुवारी १९७२ मध्ये गोन्झालेसनं अमेरिकेत डी मॉइनची स्पर्धा जिंकली, वय त्रेचाळीस. नोव्हेंबर १९७७ मध्ये रोझवॉलनं हाँगकाँगची जिंकली. वय त्रेचाळीस.